'रामशास्त्री' (१९४४) : चित्रपट, त्यामागचा खरा इतिहास आणि आपली साष्टी

साष्टीकर

नमस्कार. यंदा गणपतीत चार दिवस गिरगावात मावशीकडे मुक्काम होता. तिच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजोबांच्या आग्रहामुळे एका रात्री चौकात चादर बांधून प्रभातचा 'रामशास्त्री' दाखवण्यात आला. चादर कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी लावली होती, मध्येच पावसाची भुरभुर आली की मंडळाची मुले प्रक्षेपकावर छत्री धरत होती आणि वाऱ्याने चादर हलली की शनिवारवाडाही हलत होता. मला जुन्या मराठी चित्रपटांची फारशी ओळख नाही, त्यामुळे थोडा वेळ बसून उठावे असे मनात होते. प्रत्यक्षात शेवटपर्यंत जागचा हललो नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अक्षरशत्रू असलेला राम नावाचा मुलगा विद्येसाठी काशीला जातो, शास्त्री होऊन परततो आणि पुढे पेशव्यांचा न्यायाधीश होतो. नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर तो थेट त्यांचे चुलते राघोबादादा यांनाच दोषी ठरवतो. रामशास्त्र्यांची भूमिका गजानन जागीरदार यांची आहे आणि दिग्दर्शनही त्यांच्याच नावावर आहे. राघोबादादांची पत्नी आनंदीबाई ललिता पवार यांनी केली आहे. 'दोन घडीचा डाव' हे शांताराम आठवले यांचे गीत लहानपणापासून आईच्या तोंडी ऐकत आलो होतो, पण ते या चित्रपटातले आहे हे मला त्या रात्री कळले. 'देहांत प्रायश्चित्त' हे शब्द उच्चारले गेले तेव्हा गॅलरीच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या बायकांमध्ये चाललेली कुजबुज एकदम थांबली. मावशीने हा चित्रपट यापूर्वी चार-पाच वेळा पाहिलेला आहे, तरी तिने माझा दंड घट्ट धरला होता.

घरी आल्यावर यातले खरे किती, हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. म्हणून दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात तीन शनिवार घालवले. मला जे सापडले ते असे. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता. राघोबादादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी दुपारी पगाराच्या तक्रारीचे निमित्त करून सुमेरसिंगाचे गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले. नारायणराव जीव वाचवण्यासाठी काकांच्या दालनात धावला आणि तिथेच त्यांच्यासमोर मारला गेला. त्याला पाठीशी घालणारा चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला. यानंतर रामशास्त्र्यांनी चौकशी केली, भर न्यायसभेत राघोबादादांना देहांत शिक्षा सुनावली आणि पदाचा त्याग केला.

माझे दोन प्रश्न आहेत. ती न्यायसभा खरोखर भरली होती का? आणि 'ध चा मा' झाल्याची गोष्ट कितपत विश्वसनीय आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

वाईची_लेक

साष्टीकर, आपण हा विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. माझे माहेर वाईचे, गेली बावीस वर्षे मी मुलुंडला राहते. आमच्या भागात रामशास्त्री हे पाठ्यपुस्तकातले पात्र नाही, तर आपल्या गावाकडचा माणूस आहे. त्यांचे मूळ गाव साताऱ्याजवळचे माहुली, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरचे. पुणे सोडल्यावर ते वाईजवळच्या पांडववाडीत येऊन राहिले, हे आम्हाला लहानपणी आजीने वेळोवेळी सांगितले आहे.

आपल्या पहिल्या प्रश्नाबद्दल मला असे वाटते की, भरलेला दरबार, मधोमध उभा राहिलेला न्यायाधीश आणि समोर आरोपी हे चित्र आपल्या मनात नाटकाने आणि चित्रपटाने पक्के केले आहे. ग्रँट डफ हा कंपनी सरकारचा अधिकारी १८१८ पासून काही वर्षे साताऱ्याला होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने दिलेली हकीकत वेगळ्या तऱ्हेची आहे. रामशास्त्र्यांनी सुमारे सहा आठवडे तपास केला, पुरावा हाती आल्यावर ते राघोबादादांकडे गेले आणि त्यांच्यावर आरोप ठेवला. दादांनी एवढे कबूल केले की नारायणरावाला धरण्याचा हुकूम आपण दिला होता, मारण्याचा नव्हे. मग या पापाला प्रायश्चित्त काय, असे त्यांनी विचारले. त्यावर शास्त्र्यांनी सांगितले की, आपला देह देणे हेच एक प्रायश्चित्त आहे. तुम्ही कारभारात असेपर्यंत मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही आणि चाकरीही करणार नाही, असेही त्यांनी बजावले.

इथे न्यायसभा नाही, चोपदार नाहीत आणि शिक्षेची अंमलबजावणी करणारे कोणीच नाही. राघोबादादा त्या वेळी स्वतः पेशवा होऊन बसले होते. त्यांना फाशी देणार कोण? शास्त्र्यांच्या हाती फक्त दोन गोष्टी होत्या, एक म्हणजे निर्णय उच्चारणे आणि दुसरी म्हणजे उठून जाणे. त्या दोन्ही त्यांनी केल्या. दरबारातल्या शिक्षेपेक्षा मला ही हकीकत अधिक मोठी वाटते, कारण इथे ऐकायला गर्दी नव्हती.

---

जुना_प्रेक्षक

माझे वय आता एक्क्याऐंशी आहे. 'रामशास्त्री' मी पहिल्यांदा लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला. त्यानंतर किती वेळा पाहिला याची गणती नाही.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. तो युद्धाच्या काळात तयार झाला. कच्ची फिल्म परदेशातून येत असे आणि तिचा तुटवडा होता, म्हणून सरकारने कथापटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली होती. पडद्यावर हे साधारण दोन तास होतात. तेवढ्यात बालपण, काशी, थोरले माधवराव, खून आणि तपास हे सगळे बसवायचे. सहा आठवड्यांच्या चौकशीला त्यात जागा कुठून मिळणार? मी चित्रपटातल्या त्या प्रसंगाला खोटे म्हणणार नाही. सहा आठवड्यांत जे घडले ते त्यांनी एका ठिकाणी आणून ठेवले.

दुसरे असे की, प्रभातचाही तो पडता काळ होता. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेली ही संस्था तेव्हा फुटली होती. दिग्दर्शक व्ही. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडून इकडे परळला आपल्या राजकमल संस्थेत आले होते. 'रामशास्त्री'चे दिग्दर्शन आधी राजा नेने, मग विश्राम बेडेकर आणि शेवटी जागीरदार अशा तीन हातांतून गेले. एवढ्या हातांतून जाऊन चित्रपट एकसंध राहिला, याचे मोठे श्रेय मी शिवराम वाशीकरांच्या कथेला आणि जागीरदारांच्या अभिनयाला देतो.

आणि साल ध्यानात घ्यावे. १९४२ च्या चळवळीतले लोक अजून तुरुंगात होते. सत्ताधीशाच्या तोंडावर 'तू दोषी आहेस' असे सांगणारा न्यायाधीश तेव्हाच्या प्रेक्षकाला निव्वळ पेशवाईतला वाटला असेल, असे मला कधीच पटले नाही. माझे वडील हा चित्रपट पाहून आल्यावर घरी पेशव्यांविषयी नव्हे, तर तेव्हाच्या न्यायालयांविषयी बोलत असत, एवढे मला आई सांगत असे. याच विषयावरचे खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ मध्ये रंगभूमीवर आले, तेही असेच दडपशाहीचे दिवस होते.

---

आनंदवल्ली

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर मी लिहिते. माझे बालपण नाशिकजवळच्या आनंदवल्लीत गेले. हे गाव आनंदीबाईच्या नावाने ओळखले जाते आणि शाळेत असताना मला त्याची लाज वाटत असे, कारण वर्गात कोणी शब्द चुकीचा वाचला की मुले 'आली ध चा मा करणारी' असे माझ्याकडे बघून ओरडत.

म्हणून मोठेपणी मी हा विषय जिद्दीने वाचला. हुकुमात 'धरावे' असे होते आणि त्याचे 'मारावे' झाले, ही हकीकत ग्रँट डफने दिली आहे. परंतु हा बदल आनंदीबाईने केला, हे तो पुरावा म्हणून मांडत नाही. सर्वांची तशी समजूत आहे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. तेही घटनेनंतर अर्धशतक लोटल्यावर. त्या अर्धशतकात राघोबादादा आणि आनंदीबाई यांचा मुलगा दुसरा बाजीराव गादीवर बसला आणि त्याने १८१८ मध्ये राज्य गमावले. अशा माणसाच्या आईबद्दल १८१८ नंतर महाराष्ट्रात कोण बरे बोलणार होते?

मात्र माझा मुख्य मुद्दा हा नाही. क्षणभर धरून चालू की कागद होता आणि अक्षरही बदलले गेले. तरीही 'धरावे' हा हुकूम कोणाचा? गादीवर असलेल्या पेशव्याला, स्वतःच्या पुतण्याला, भाडोत्री गारद्यांकरवी पकडण्याचा हुकूम राघोबादादांचाच. वाईची_लेक यांनी दिलेली हकीकत पुन्हा वाचावी. दादांनी हीच सबब शास्त्र्यांपुढे मांडली होती. मी फक्त धरायला सांगितले, असे ते म्हणाले. शास्त्र्यांनी ती सबब मान्य केली का? नाही. त्यांनी आनंदीबाईला शिक्षा सांगितली का? तीही नाही. त्यांनी हुकूम देणाऱ्याला देहांत प्रायश्चित्त सांगितले.

रामशास्त्र्यांनी जी पळवाट बंद केली, ती आपण म्हण करून पुन्हा उघडली. एका अक्षराची गोष्ट इतकी चटकदार आहे की, खुनाची जबाबदारी पुरुषाच्या हुकमावरून बाईच्या लेखणीवर कधी सरकली हे कळतही नाही. ललिता पवार यांचे काम मला फार आवडते. त्या पडद्यावर असताना दुसऱ्या कोणाकडे लक्ष जात नाही, आणि माझी तक्रार नेमकी त्याबद्दल आहे. चित्रपट संपल्यावर आपल्या डोळ्यांसमोर राघोबादादा उरत नाहीत, आनंदीबाई उरते.

---

मोडी_अभ्यासक

आनंदवल्लीताई, आपल्या लेखनाला पूरक असे थोडे लिहितो. दोन वर्षांपासून मी मोडी ही जुनी मराठी लिपी शिकतो आहे. काल रात्री बोरू आणि शाई घेऊन बसलो आणि 'नारायणरावास धरावे' हे शब्द मोडीत लिहून त्यातला 'ध' बदलून 'मा' करता येतो का, ते पाहिले.

मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही. हात शक्यतो न उचलता लिहायचे असते. त्यामुळे 'रावास' मधला 'स' संपतो तिथेच 'ध' सुरू होतो आणि 'ध' ला लागूनच 'रा' येतो. 'ध' चा 'म' कसाबसा करता आला तरी काना मावायला जागाच उरत नव्हती. तीन वेळा प्रयत्न केला, तीनही वेळा तिथे शाईचा डाग झाला. चौथ्या वेळी आधीपासून 'ध' नंतर थोडी मोकळी जागा सोडून लिहिले, तेव्हा जमले. म्हणजे बदल करायचा हे लिहिणाऱ्यालाच आधीपासून ठाऊक असेल तर ते सोपे जाते.

माझा हात शिकाऊ आहे, मुरलेल्या कारकुनाचा नाही, त्यामुळे यावरून मी कोणताही निर्णय देत नाही. पण इतकी वर्षे 'एक रेघ ओढली आणि झाले' असे जे माझ्या डोक्यात होते, ते मात्र गेले. तो डाग पडलेला कागद मी जपून ठेवला आहे.

---

साष्टीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. न्यायसभेबद्दल माझी चूक झाली, हे मान्य करतो. मी इतिहास वाचला होता, तरी लिहिताना चित्रपटच उतरला.

आता माझ्या टोपणनावाचा संबंध सांगतो, कारण या वाचनात मला सर्वांत जास्त हलवून गेलेली गोष्ट तीच आहे. मी गोरेगावला राहतो. वांद्र्यापासून उत्तरेला वसईच्या खाडीपर्यंत आणि पूर्वेला ठाण्यापर्यंत पसरलेले आपले हे बेट म्हणजे साष्टी. मराठ्यांनी ते १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतले होते. माहीमच्या खाडीपलीकडे इंग्रजांची मुंबई होती आणि त्यांचा साष्टीवर फार दिवसांपासून डोळा होता. नारायणरावाचा खून झाला तेव्हा मॉस्टिन नावाचा इंग्रज वकील पुण्यातच होता आणि साष्टी व वसई मिळवणे हा त्याच्या कामाचाच भाग होता.

खुनानंतर नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, एकत्र येऊन राघोबादादांना दूर केले. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती, तिला पुरंदरावर नेले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तिथे सवाई माधवरावाचा जन्म झाला. दादा आश्रयासाठी इंग्रजांकडे वळले. मुंबईकर इंग्रज तर करार होण्याचीही वाट पाहत थांबले नाहीत. गोव्याहून पोर्तुगीज आरमार येत असल्याची बातमी हे निमित्त झाले आणि डिसेंबर १७७४ च्या अखेरीस त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. त्या लढाईत त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन मारला गेला. त्यानंतर ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. सैन्याच्या मदतीच्या बदल्यात दादांनी साष्टी आणि वसई लिहून दिली आणि सहा लाखांचे जडजवाहीर तारण ठेवले.

पुढे युद्ध झाले, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची नाचक्की झाली, तरी १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मी रोज बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलने चर्चगेटला जातो. मालाड, अंधेरी, पार्ले, वांद्रे ही सगळी स्थानके त्या तहात गेलेल्या जमिनीवर उभी आहेत. शनिवारवाड्यात जे घडले त्याचा शेवट माझ्या खिडकीबाहेर झाला, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी चाळीतल्या एका चादरीमुळे कळले.

गेल्या रविवारी मुद्दाम ठाण्याला गेलो. तो किल्ला म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह. आत जाता येत नाही. बाहेरच्या रस्त्यावरून जाड भिंत आणि तिच्यातून उगवलेली पिंपळाची रोपे दिसतात. समोरच्या चहावाल्याला हा किल्ला आहे हे ठाऊक होते. कोणी आणि का घेतला, हे मी त्याला सांगितले, तेव्हा त्याने गाळणी बाजूला ठेवून पूर्ण ऐकून घेतले.

---

जुना_प्रेक्षक

साष्टीकर, ही जोड मला माझ्या आयुष्यात कोणी दाखवून दिली नव्हती. मी पार्ल्यात जन्मलो.

---

वाईची_लेक

एक राहिलेली गोष्ट लिहिते, कारण चित्रपटात तिचा ठसा पुसट आहे. शास्त्री परत आले. राघोबादादा गेले, बारभाईंचा कारभार स्थिर झाला आणि मग रामशास्त्र्यांनी पुन्हा न्यायाधीशपद स्वीकारले. १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या कामात होते. म्हणजे त्यांनी पद सोडले ते वैराग्याने नव्हे. ज्याच्या हाताला रक्त आहे त्याची चाकरी करायची नाही, एवढाच त्यांचा नेम होता आणि कारण संपताच ते कामावर रुजू झाले. दिवसाला पुरेल एवढाच शिधा घरात ठेवायचा, हा त्यांचा रिवाजही ग्रँट डफने नोंदवला आहे. ज्याच्या घरात उद्याचे धान्य साठवलेले नसते, त्याला पद सोडताना मागे वळून पाहावे लागत नाही, असे आजी म्हणत असे.

थोरल्या माधवरावांच्या वेळचा प्रसंगही याला जोडून पाहावा. पेशवे पूजा-ध्यानात इतके गुंतले की, भेटीला आलेल्या शास्त्र्यांकडे त्यांचे लक्ष गेले नाही. दुसऱ्या दिवशी शास्त्र्यांनी काशीला जाण्याची रजा मागितली. ब्राह्मणधर्म पाळायचा तर चला, दोघेही काशीला जाऊ, आणि राज्य करायचे तर प्रजेकडे पाहा, असे त्यांनी सुनावले. माधवरावांनी ते मानले. एका पेशव्याने ऐकले आणि दुसऱ्याने ऐकले नाही, पण दोघांना सांगणारा तोच होता.

---

आनंदवल्ली

साष्टीकर, एक विनंती आहे. पुढच्या वर्षी चाळीत चित्रपट लावाल तेव्हा सुरुवातीला दोन मिनिटे कोणीतरी उभे राहून सांगावे की, नारायणरावाचा खून भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे ऐन गणपतीत, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी झाला. आणि शिक्षा कोणाला सांगितली गेली, तेही सांगावे. आपण मुंबईला येण्यास सांगाल तर हे काम मी करीन.

---

साष्टीकर

ताई, आपण अवश्य यावे. मावशीला आताच फोन करून विचारले, तर ती म्हणाली की जेवायलाच या आणि रात्री राहा. मोडी_अभ्यासक, तो डाग पडलेला कागदही घेऊन यावा, तो फलकावर लावू.

धाग्याच्या पहिल्या लेखनातील 'भर न्यायसभेत राघोबादादांना देहांत शिक्षा सुनावली' हे वाक्य मी पुसलेले नाही, म्हणजे पुढची चर्चा कशावरून सुरू झाली ते नव्या वाचकाला कळेल. त्याच्या जागी असे वाचावे : 'सहा आठवड्यांच्या तपासानंतर रामशास्त्री राघोबादादांकडे गेले, धरण्याचा हुकूम दिल्याची त्यांची सबब त्यांनी मान्य केली नाही, देहांत हेच प्रायश्चित्त असल्याचे सांगितले आणि ते पुणे सोडून वाईकडे गेले.'